गिटारचे टॅब शोधताय? एकेकाळी सतार शिकणाऱ्याला साधं पुस्तकही मिळत नव्हतं, शेवटी एका वकिलानंच ते लिहून काढलं

नोकरी लागते, हातात दोन पैसे खेळायला लागतात आणि कॉलेजपासून मनात असलेली गिटार एकदाची घरी येते. जालना असो, अंबड असो नाहीतर भोकरदन, गोष्ट सगळीकडे सारखीच. पहिल्या महिन्यात डाव्या हाताच्या बोटांची टोकं सोलून निघतात. सी, जी, डी हे कॉर्ड कसेबसे जमतात. एफचा बार कॉर्ड आला की तारा नुसत्या खटखटतात. सहा महिन्यांत चार गाणी वाजायला लागतात आणि गाडी तिथंच अडते.

कारण वय असतं पंचविशी-तिशीचं. डोक्याला पटकन कळतं, बोटांना कळत नाही. त्यात डोकं गप्प बसत नाही. हे बोट इथंच का? हा स्वर या गाण्यात चालतो, त्या गाण्यात का चालत नाही? लहान पोरगं असले प्रश्न न विचारता वाजवत सुटतं. मोठ्या माणसाला आधी उत्तर लागतं.

तरी आजच्या माणसाकडे उत्तरं भरपूर आहेत. टॅब आहेत, स्केलचे तक्ते आहेत, सोप्याकडून अवघडाकडे नेणारे कोर्स आहेत, व्हिडिओचा वेग निम्मा करून बघायची सोय आहे.

आता जरा मागं जा. १८७५ च्या आसपासची मुंबई. पंधरा वर्षांचा एक मुलगा सतार शिकायला लागलाय. त्याच्याकडे यातलं काहीच नाही. टॅब नाही, तक्ता नाही, पायरीपायरीनं शिकवणारं पुस्तक नाही. पुढं हा मुलगा वकील झाला, चाळिशीनंतर सगळं सोडून भारतभर हिंडला आणि आज शास्त्रीय संगीताच्या कोणत्याही परीक्षेला बसणारा विद्यार्थी जे थाट, वादी-संवादी आणि स्वरलिपी पाठ करतो, ते सगळं त्यानं मांडून ठेवलं.

त्याचं नाव विष्णू नारायण भातखंडे.

शाळेच्या भिंतीवर फोटो असतो, म्हणून नाव माहीत असतं. बऱ्याचदा दुसऱ्या विष्णूशी, म्हणजे पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांशी गल्लतही होते. पण भातखंडे हे मूळचे गवई नव्हते, कुठल्या घराण्याचे नव्हते, त्यांच्या घरात पिढीजात गाणं नव्हतं, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. आणि तीच तर त्यांच्या आयुष्याची किल्ली आहे.

१० ऑगस्ट १८६० चा त्यांचा जन्म. मुंबईतला वाळकेश्वरचा भाग, गोकुळाष्टमीचा दिवस. वडील एका श्रीमंत व्यापाऱ्याकडे कामाला होते. घर मध्यमवर्गीय, पण गाण्याचं वावडं नव्हतं. मुलांच्या कानावर चांगलं गाणं पडावं याची वडिलांनी काळजी घेतली. विष्णू लहानपणी बासरी वाजवायचा. मग सतार आली. वल्लभदास नावाच्या जाणकारांकडं त्याचं शिक्षण सुरू झालं.

सतारीत आणि गिटारमध्ये फरक पुष्कळ आहेत, पण नवशिक्याचं दुखणं एकच. डाव्या हाताचं बोट पडद्यावर नेमकं कुठं दाबायचं आणि उजव्या हातानं तार कधी छेडायची, या दोन गोष्टी एकत्र येत नाहीत. सतारीत उजव्या हाताच्या तर्जनीत तारेची मिजराब घालतात आणि दा, रा, दिर असे बोल काढतात. आत एक, बाहेर एक. गिटारवाले ज्याला डाउनस्ट्रोक आणि अपस्ट्रोक म्हणतात, त्याचाच हा भाऊबंद. हे बोल लयीत स्वच्छ निघायला महिने जातात.

आणखी एक गंमत आहे. गिटारचे फ्रेट लाकडात पक्के बसवलेले असतात, एका सप्तकात बारा. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात आणि ते सरकवता येतात. राग बदलला की कोमल-तीव्र स्वरांप्रमाणे काही पडदे वरखाली करायचे. पडद्यांच्या या मांडणीला सतारिये थाट म्हणायचे. कमी पडद्यांची आणि ते सरकवायची सतार ती चल थाटाची, सगळे पडदे आधीच बांधलेली ती अचल थाटाची. हा शब्द लक्षात ठेवा, पुढं तो मोठा होणार आहे.

सतार चालू असतानाच शिक्षण झालं. १८८५ मध्ये बी.ए., १८८७ मध्ये एलएल.बी. मुंबईत वकिली सुरू झाली, काही काळ ते कराचीतही होते. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर दिवसा ऑफिस आणि संध्याकाळी क्लास.

हा क्लास होता गायन उत्तेजक मंडळीचा. १८७० मध्ये कैखुश्रू काबराजी या पारशी गृहस्थांनी मुंबईत ही संस्था काढली होती. सभ्य घरातल्या लोकांनी गाणं शिकावं, ऐकावं, हा हेतू. त्या काळी पांढरपेशा घरात गाणं ऐकणं चालायचं, गाणं शिकणं मात्र नाक मुरडण्याचा विषय होता. भातखंडे १८८४ मध्ये, चोविसाव्या वर्षी, या मंडळीत गेले. तिथं रावजीबुवा बेलबागकरांकडून त्यांनी ध्रुपदं घेतली, अली हुसेन खाँ यांच्याकडून ख्याल घेतले. पाच-सहा वर्षं हे चाललं. शेकडो चिजा जमा झाल्या.

आणि जितक्या चिजा जमल्या, तितके प्रश्न वाढले.

प्रश्न साधे होते. दोन उस्ताद एकच राग गातात, मग एकाच्या रागात जो स्वर आहे तो दुसऱ्याच्या रागात का नाही? रागाचं नाव एक, चाल वेगळी, असं का? सहा राग, त्यांच्या बायका रागिण्या आणि त्यांची पोरं, असं एक जुनं वर्गीकरण सांगितलं जायचं. पण अमुक रागिणी तमुक रागाचीच बायको का, तिच्या स्वरांत असं काय आहे, याचं उत्तर कुणाकडंच नव्हतं. वकिली डोक्याला पुरावा लागतो. इथं पुरावा म्हणजे आमच्या खाँसाहेबांनी असंच सांगितलंय, एवढंच.

यात उस्तादांना सरसकट दोष देणं सोपं आहे आणि बरेच जण तो देतात. पण त्यांची बाजू समजून घ्यायला हवी. त्या काळी चीज ही गवयाची इस्टेट होती. दरबारातली नोकरी, मिळणारी बिदागी, पोराबाळांचं भवितव्य, सगळं त्या चिजांवर. ती कुणालाही देऊन टाकली तर उद्या घरात काय शिजणार? म्हणून ती मुलाला, जावयाला, फार तर गंडा बांधलेल्या शिष्याला मिळायची. शिकवण्याची पद्धतही लहान मुलासाठी घडलेली. सहाव्या-सातव्या वर्षी पोरगं समोर बसवायचं, गुरू गाईल तसं गायला लावायचं, दहा-पंधरा वर्षं. प्रश्न विचारायचे नाहीत. विचारायची गरजही पडत नाही, कारण तोवर उत्तर गळ्यात नाहीतर बोटांत उतरलेलं असतं.

हा रस्ता तिशीतल्या वकिलाला बंद होता. त्याच्याकडे पंधरा वर्षं नव्हती आणि उस्तादाच्या घरात जन्मही नव्हता. गिटार क्लासमध्ये बारा वर्षांच्या पोरांच्या शेजारी बसणाऱ्या मोठ्या माणसाला ही घुसमट लगेच कळेल.

मग घरात दुःखाचे दोन घाव बसले. १९०० मध्ये पत्नी गेली. १९०३ मध्ये मुलगी गेली. एकुलता संसार तीन वर्षांत संपला. भातखंड्यांनी पुन्हा घर मांडलं नाही. वकिलीतूनही ते हळूहळू बाहेर पडले आणि आतापर्यंत जो छंद होता, तो उरलेल्या आयुष्याचा उद्योग झाला. वय त्रेचाळीस.

१९०४ मध्ये ते निघाले थेट दक्षिणेत. उत्तरेचं संगीत समजून घ्यायला दक्षिणेत कशाला, असं वाटेल. पण तिकडं रागांना बायका-पोरं नव्हती. तिकडं ७२ मेळांचा हिशेब होता. सात स्वरांचे कोमल-तीव्र प्रकार घेऊन जितक्या मांडण्या होतील तितके मेळ, आणि प्रत्येक राग त्यातल्या कुठल्यातरी मेळाखाली. मद्रासला, रामनाडला, एट्टयापुरमला ते विद्वानांना भेटले. एट्टयापुरमला सुब्बराम दीक्षित होते. भाषेची अडचण प्रचंड होती, गप्पा मनासारख्या झाल्या नाहीत. पण परतताना सामानात दोन जुने ग्रंथ आले. व्यंकटमखींचा चतुर्दंडिप्रकाशिका आणि रामामात्यांचा स्वरमेलकलानिधि. दोन्ही रागांच्या वर्गीकरणावरचे. या प्रवासाची त्यांनी रोजनिशी ठेवली आणि पुढं ती पुस्तकरूपानं छापलीही गेली.

त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत नागपूर, हैदराबाद, कलकत्ता, अलाहाबाद, बनारस, जयपूर, उदयपूर असं हिंडणं झालं. हैदराबाद म्हणजे त्या वेळची निजामाची राजधानी आणि जालना त्याच राज्यातलं गाव. हैदराबादला अप्पा तुलसी नावाचे संस्कृतात संगीतावर लिहिणारे पंडित होते, त्यांच्याशी भातखंड्यांचं चांगलं जमलं. कलकत्त्याला सौरींद्रमोहन टागोर भेटले. प्रत्येक गावी जाताना प्रश्नांची यादी तयार. समोर कितीही मोठा माणूस असो, वकील साक्षीदाराची उलटतपासणी घेतो तशी ते घ्यायचे.

याचा सगळ्यांना राग यायचा हे उघड आहे. भातखंड्यांच्या स्वभावाची ही बाजू लपवून चालणार नाही. ज्याला संस्कृत ग्रंथ येत नाहीत तो अडाणी, असा त्यांचा एक सूर होता आणि त्याचा फटका मुख्यतः मुसलमान उस्तादांना बसला. ज्या गळ्यांनी शेकडो वर्षं हे संगीत जिवंत ठेवलं, त्यांनाच शास्त्र कळत नाही म्हणायचं आणि चिजा मात्र त्यांच्याकडूनच घ्यायच्या, ही विसंगती आजच्या अभ्यासकांनी दाखवून दिलेली आहे. ती रास्तच आहे.

पण त्याच माणसानं काय केलं तेही बघा.

मनरंग परंपरेचे जयपूरचे मोहम्मद अली खाँ, ज्यांना कोठीवाल म्हणायचे, त्यांच्याकडं चिजांचा मोठा साठा होता. त्यांचे मुलगे आशिक अली आणि अहमद अली यांच्याकडून भातखंड्यांनी चिजा घेतल्या आणि फोनोग्राफवर, म्हणजे मेणाच्या नळकांड्यांवर आवाज कोरणाऱ्या यंत्रावर, त्या ध्वनिमुद्रित केल्या. हा विसाव्या शतकाचा अगदी सुरुवातीचा काळ. एकदा ऐकलेली चीज यंत्रावर पुन्हा पुन्हा लावायची, थांबवायची, लिहायची, परत लावायची. आज गिटारवाले एखादा सोलो व्हिडिओवर मागेपुढे करत उतरवतात, अगदी तेच. आणि मोहम्मद अली खाँ यांना त्यांनी गुरू मानलं.

रामपूरची गोष्ट तर याहून मोठी. रामपूरच्या नवाबांकडे वजीर खाँ होते. बीनकार, तानसेनाच्या मुलीच्या वंशातले. पुढं मैहरचे म्हणून प्रसिद्ध झालेले उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे ते गुरू. अल्लाउद्दीन खाँ म्हणजे रविशंकरांचे गुरू. तर या वजीर खाँ यांचे भातखंडे शागीर्द झाले. तोवर पन्नाशी उलटलेली, नाव झालेलं, पुस्तकं छापलेली. तरीही नव्यानं शिष्य होऊन ते खाली बसले. नवाब हमीद अली खाँ स्वतः जाणकार होते, त्यांच्यामुळं रामपूरची दारं उघडली आणि एरवी बाहेर न येणाऱ्या चिजा वहीत आल्या.

वहीत आल्या, म्हणजे लिहिणार कशा?

स्वरलेखनाचे प्रयत्न आधीही झाले होते. बडोद्यात मौलाबक्षांनी केला, बंगालमध्ये झाला, पलुस्करांचीही स्वतंत्र पद्धत होती. भातखंड्यांची पद्धत टिकली आणि पसरली, कारण ती छापायला आणि वाचायला सोपी होती. पाच मिनिटांत कळते. सा रे ग म प ध नी ही अक्षरं. अक्षराखाली आडवी रेघ असेल तर स्वर कोमल. म च्या डोक्यावर उभी रेघ असेल तर तीव्र मध्यम. खाली टिंब म्हणजे खालचं सप्तक, वर टिंब म्हणजे वरचं. काहीच खूण नाही म्हणजे मधलं. स्वर लांबवायचा असेल तर पुढं छोटी आडवी रेघ. एका मात्रेत दोन-चार स्वर बसवायचे असतील तर त्यांच्या खाली चंद्रकोरीसारखी कमान. तालासाठी समेला गुणाकाराचं चिन्ह, खालीला शून्य आणि बाकीच्या टाळ्यांना आकडे. तीनतालाच्या सोळा मात्रांत पहिलीवर सम, पाचवीवर दुसरी टाळी, नववीवर शून्य, तेराव्वीवर तिसरी टाळी. स्वर कंसात असेल तर त्याच्या आजूबाजूचे स्वर घेऊन तो झटक्यात घ्यायचा, म्हणजे कंसातला प हा धपमप असा.

झालं. एवढ्यावर अख्खी चीज कागदावर उतरते. टॅबमध्ये लय कळत नाही अशी गिटारवाल्यांची तक्रार असते, इथं लयही दिसते.

दुसरा प्रश्न वर्गीकरणाचा. ७२ मेळ उत्तरेला झेपणारे नव्हते, तेवढे वापरातही नव्हते. भातखंड्यांनी प्रत्यक्षात जे गायलं जातं ते बघून दहा खोकी केली आणि त्यांना नाव दिलं थाट. सतारियांचा तोच शब्द, पडद्यांची मांडणी. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. सगळे स्वर शुद्ध म्हणजे बिलावल, हे त्यांनी पक्कं केलं. ही कल्पना त्यांच्याही आधीच्या काही ग्रंथांत होती, पण ती सगळीकडे रुजली ती त्यांच्यामुळं.

गिटार हातात असेल तर हे लगेच करून बघता येईल. एकच तार घ्या. मोकळी तार सा. मग फ्रेट २, ४, ५, ७, ९, ११ आणि १२. हा बिलावल, म्हणजेच पाश्चात्त्यांचा मेजर स्केल. आता पाचव्याऐवजी सहावा फ्रेट दाबा, कल्याण झाला. बिलावलमधला ११ काढून १० घ्या, खमाज. खमाजमध्ये ४ ऐवजी ३ घेतला की काफी. काफीत ९ चा ८ केला की आसावरी, म्हणजे गिटारच्या वर्गात शिकवतात तो नॅचरल मायनर. आसावरीत २ चा १ केला की भैरवी. एकेक बोट एकेक घर सरकतंय आणि सगळा रंग बदलतोय. बाकीचे चार थोडे अवघड. भैरव १, ४, ५, ७, ८, ११. पूर्वी १, ४, ६, ७, ८, ११. मारवा १, ४, ६, ७, ९, ११. तोडी १, ३, ६, ७, ८, ११. स्केल म्हणजे राग नव्हे, हे खरंच. पण सहा महिन्यांनी अडलेल्या बोटांना एका तारेवरचा हा व्यायाम चांगला पुरतो.

पुस्तकं यायला लागली ती १९०९-१० च्या सुमारास. आधी स्वरमालिका. मग श्रीमल्लक्ष्यसंगीतम्, तेही संस्कृतात आणि चतुरपंडित या टोपणनावानं. पुढं यांनी काय करावं? त्याच ग्रंथावर मराठीत सविस्तर भाष्य लिहिलं. हिंदुस्थानी संगीत पद्धती या नावानं त्याचे चार भाग आले, शेवटचा १९३२ मध्ये. लेखकाचं नाव विष्णुशर्मा. म्हणजे एका टोपणनावानं लिहिलेल्या पुस्तकावर दुसऱ्या टोपणनावानं टीका लिहायची आणि मधूनमधून चतुरपंडिताचा हवाला तिसऱ्याच कुणाचा असल्यासारखा द्यायचा. वकिलाची चलाखी म्हणा हवं तर. संस्कृतात असलं की लोक मान डोलावतात, हे त्यांनी ओळखलं होतं.

हे चार भाग गुरू-शिष्याच्या संवादात लिहिलेत. शिष्य शंका काढतो, गुरू न चिडता उत्तर देतो, शिष्य पुन्हा खोदून विचारतो. जो वर्ग भातखंड्यांना स्वतःला मिळाला नाही, तो त्यांनी कागदावर भरवला. आणि तो मराठीत आहे. उत्तर हिंदुस्थानी संगीताचा हा एवढा मोठा ग्रंथ मुळात मराठीत लिहिला गेला आणि बाकीच्यांनी तो हिंदी अनुवादातून वाचला, याचं आपल्याकडं फारसं कौतुक होत नाही.

नवशिक्यासाठी खरा खजिना मात्र क्रमिक पुस्तक मालिका. सहा भाग, दीड हजारांहून जास्त चिजा, सगळ्या स्वरलिपीसकट. मित्र आणि सहकारी भालचंद्र सुकथनकर यांनी त्यांच्या पुस्तकांच्या प्रकाशनाची बाजू सांभाळली. नावातच क्रम आहे. पहिल्या भागात दहा थाटांचे दहा मुख्य राग. सोपे ताल. आधी सरगम, म्हणजे शब्दच नाहीत, नुसते स्वर तालात. मग लक्षणगीत. हा प्रकार शिकणाऱ्यासाठी भलताच कामाचा आहे. गाण्याच्या शब्दांतच त्या रागाची माहिती असते. थाट कोणता, वादी स्वर कोणता, संवादी कोणता, कोणत्या वेळी गायचा. गाणं पाठ झालं की रागाचे नियम पाठ. मग ख्याल, मग ध्रुपद. पुढच्या भागांत अवघड राग. भातखंड्यांनी स्वतः अशी लक्षणगीतं भरपूर रचली.

गंडा नाही, घराणं नाही, कुणाची ओळख नाही, फक्त पुस्तकाची किंमत मोजायची तयारी आहे, अशा माणसाच्या हातात रामपूरची आणि जयपूरची चीज आली. उस्तादांच्या दृष्टीनं ही घरफोडीच होती. बाहेरच्यांच्या दृष्टीनं पहिल्यांदा दार उघडलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

पुढचा काळ संस्थांचा. मार्च १९१६ मध्ये बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. उस्ताद आणि पंडित एका मांडवात बसवून रागांच्या स्वरांवर खल करायचा, हा तोवर न झालेला प्रकार. पुढच्या परिषदा दिल्ली, बनारस आणि लखनौला झाल्या. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं, शिंदे सरकारांच्या पाठबळावर. १९२६ मध्ये लखनौला राय उमानाथ बली आणि संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांच्या पुढाकारानं मॅरिस कॉलेज निघालं. नाव इंग्रज गव्हर्नरचं, अभ्यासक्रम भातखंड्यांचा. तेच आज लखनौचं भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय.

मॅरिस कॉलेजची धुरा पुढं श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांकडं आली. भातखंड्यांचा हा पट्टशिष्य, पण नुसत्या पुस्तकावर त्याचं भागणार नाही हे गुरूला ठाऊक होतं. म्हणून रातंजनकरांना बडोद्याला आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँ यांच्याकडं तालीम मिळाली. पुस्तकाची मर्यादा पुस्तक लिहिणाऱ्यालाच सगळ्यात आधी कळली होती, असा याचा अर्थ घ्यायला हरकत नाही.

कारण मर्यादा होत्याच. दरबारीचा गंधार हलत असतो, झुलत असतो, तो ग खाली एक रेघ मारून लिहिता येत नाही. गिटारवर तो तिसऱ्या फ्रेटवर सापडणार नाही, तार ओढून शोधावा लागेल. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच, राग मात्र वेगळे. स्वरांच्या यादीवरून ते ओळखू येणार नाहीत. भातखंड्यांनी भूप कल्याण थाटात ठेवला आणि देशकार बिलावलमध्ये. अहीर भैरवसारखे राग दहापैकी एकाही खोक्यात नीट बसत नाहीत. थाटांवर टीका त्यांच्या हयातीत झाली, आजही होते. तरी परीक्षेच्या पेपरात पहिला प्रश्न थाटांचाच असतो, कारण नवशिक्याला कुठूनतरी सुरुवात करायला जागा लागते आणि याहून सोपी जागा अजून कुणी काढून दिलेली नाही.

स्वतः भातखंडे मैफलीचे गवई झाले नाहीत. सतारिये म्हणूनही त्यांचं नाव झालं नाही. ज्या वाद्यापासून सगळं सुरू झालं, त्याचा एक शब्द तेवढा त्यांच्या दहा खोक्यांवर राहिला.

१९३३ मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला, मांडीचं हाडही मोडलं. उरलेली तीन वर्षं अंथरुणात गेली. १९ सप्टेंबर १९३६ ला मुंबईत ते वारले. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. क्रमिक पुस्तक मालिकेचे शेवटचे भाग त्यांच्या मागं बाहेर आले. १९६१ मध्ये टपाल खात्यानं त्यांच्या नावानं तिकीट काढलं. हाथरसच्या संगीत कार्यालयानं हिंदीत आणलेली त्यांची पुस्तकं संगीताच्या दुकानांत अजून मिळतात. पहिला भाग घेतला तर त्यातल्या बिलावलच्या सरगमी गिटारच्या एका तारेवर, वर दिलेल्या फ्रेटवर, तबल्याचा तीनताल मोबाइलवर संथ लावून वाजवता येतात.